गाडी बंद पडल्यावर पोलीस आधी गाडीकडे का बघत नाहीत?

हायवेवर गाडी बंद पडून पोलिसांची मदत घ्यावी लागलेली माणसं मला हमखास एकच प्रश्न विचारतात: "पोलीस आले खरे, पण गाडीला हातही लावला नाही. स्वतःची गाडी लांब मागे तिरकी लावली, कोन (रस्त्यावर ठेवायचे केशरी शंकू) मांडले आणि आम्हाला कठड्यापलीकडे पाठवलं. ही कसली मदत?" तुम्ही विचारलंत म्हणून सविस्तर सांगतो, कारण खरी मदत तीच असते आणि ती नेमकी नजरेतून सुटते.

बंद पडलेल्या गाडीचा धोका त्या गाडीत नसतो, तो मागून येणाऱ्या गाडीत असतो. ताशी 100 किलोमीटरने येणारी गाडी एका सेकंदात जवळजवळ 28 मीटर पुढे सरकते. समोर काहीतरी आहे हे दिसणं, ते काय आहे हे कळणं आणि पाय ब्रेकवर जाणं याला रस्ते आखणारे इंजिनिअर अडीच सेकंद धरतात. म्हणजे ब्रेक लागायच्या आधीच 70 मीटर संपले. पुढे कोरड्या, चांगल्या रस्त्यावर करकचून ब्रेक मारला तरी थांबायला 55 ते 60 मीटर लागतात, आणि ओल्या रस्त्यावर शंभराच्या आसपास. बेरीज करा: कोरड्यात सव्वाशे मीटर, ओल्यात पावणेदोनशेच्या घरात. आता रात्रीचा विचार करा. लो बीमच्या उजेडात दिवे नसलेली वस्तू साधारण 40 ते 60 मीटरवर नीट दिसते. दिवे बंद पडलेली गाडी लेनमध्ये उभी असेल तर मागचा चालक कितीही सावध असला तरी त्याच्याकडे पुरेसं अंतर उरलेलंच नसतं. पोलीस येऊन पहिल्यांदा हे अंतर तयार करतात. अर्ध्या किलोमीटरवरून लुकलुकणारे दिवे दिसले तर त्याच चालकाला अठरा सेकंद मिळतात. या अठरा सेकंदांत माणूस शांतपणे वेग कमी करून लेन बदलू शकतो.

पोलिसांची गाडी मागे का, याचं उत्तर यातच आहे. तिरकी का, हे मात्र थोडं निराळं आहे. सरळ उभी असलेली गाडी मागून बघणाऱ्याला चालत्या गाडीसारखीच दिसते. रस्त्यावर पुढची वाहनं कायम पाठमोरीच दिसतात, त्यामुळे डोळा त्यांना सवयीने 'चालती' समजतो. आपण तिच्या जवळ जातोय हे कळायला तिचा आकार भराभर मोठा व्हावा लागतो, आणि तो तसा अगदी जवळ गेल्यावरच होतो. हीच गाडी तिरकी लावली की तिची कूस दिसते. रस्त्यावर कूस दाखवत कोणी चालत नाही, त्यामुळे ही थांबलेली आहे हे लगेच डोक्यात शिरतं. दिवसाढवळ्या, दिवे चालू असलेल्या पोलीस गाड्यांवरही लोक मागून आदळतात, आणि "बघितलंच नाही" असं नंतर प्रामाणिकपणे सांगतात. अशा अपघातांवर 2002 मध्ये ब्रिटनमध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यातही तिरकी उभी केलेली गाडी थांबलेली आहे हे चालकांना लवकर कळल्याचं दिसलं.

तिरकेपणाबरोबर पुढची चाकं वळवणंही आलं. धडक बसलीच तर पोलिसांची गाडी पुढे ढकलली जाणार. चाकं सरळ असतील तर ती थेट बंद गाडीवर आणि तिथे काम करणाऱ्या माणसांवर जाईल. म्हणून चाकं माणसांपासून दूर वळवून ठेवतात आणि दोन गाड्यांमध्ये मोकळी जागा सोडतात. रस्ता जितका वेगाचा, तितकी ती जागा मोठी. या जागेत कोणी उभं राहायचं नसतं. डिकीतून सामान काढायला तिथे जाऊन उभे राहणारे लोक बघितले की काळजात धस्स होतं, कारण मागून धक्का बसला तर दोन गाड्यांच्या मध्ये सापडणाऱ्या माणसाच्या जिवावर बेतू शकतं.

आता कठड्यापलीकडे पाठवण्याबद्दल. गाडीत बसून राहणं सुरक्षित वाटतं, पण वेगाच्या रस्त्यावर तसं नसतं. उतरायचं ते रहदारीच्या बाजूच्या दारातून नाही, कडेच्या दारातून. चालकानेसुद्धा शेजारच्या सीटवरून सरकून यावं. पोलीसही तुमच्याशी बोलायला शक्यतो कडेच्या खिडकीशीच येतात, यामागे हेच कारण आहे. कठडा ओलांडल्यावर कुठे थांबायचं यात बहुतेकांची गफलत होते. लोक गाडीच्या पुढे जाऊन उभे राहतात. गाडीला मागून धडक बसली तर ती पुढेच फेकली जाते, म्हणून थांबायचं गाडीच्या मागच्या दिशेला, म्हणजे जिकडून रहदारी येते तिकडे, आणि कठड्यापासूनही थोडं लांब. कठडा नसेल तर कडेच्या उतारावर चढून जा. बाहेर पडणं शक्यच नसेल तर सगळ्यांनी सीटबेल्ट लावून, चारही इंडिकेटर चालू ठेवून बसायचं.

बंद गाडीच्या मागे ठेवायच्या इशाऱ्याच्या लाल त्रिकोणाचंही सांगून टाकतो. साध्या रस्त्यावर तो ब्रिटनच्या नियमानुसार किमान 45 मीटर मागे ठेवायचा असतो. पण वेगवान, प्रवेश-नियंत्रित हायवेवर तो ठेवूच नये असं तिथलाच नियम सांगतो, कारण त्रिकोण ठेवायला चालत जाणं हेच जास्त धोक्याचं. ते काम पोलिसांवर सोडा.

पोलीस कोन मांडतात तेव्हा त्यांच्या हालचालींकडे नीट लक्ष द्या. माणूस कडेने चालतो, तोंड येणाऱ्या गाड्यांकडे असतं, खाली वाकतानाही नजर वर असते. कोन सरळ रेघेत नसतात, कडेपासून हळूहळू लेनच्या आत सरकत जातात. अचानक आडवी भिंत दिसली की चालक घाबरून ब्रेक मारतो, तिरकी ओळ दिसली की आपोआप बाजूला वळतो. साडेतीन मीटरची एक लेन बंद करायची असेल आणि गाड्या ताशी 100 ने येत असतील, तर ही तिरकी ओळ सव्वादोनशे मीटरच्या आसपास लांब हवी. गस्तीच्या गाडीत तेवढे कोन मावत नाहीत. म्हणून पोलीस आखूड ओळ लावतात, दिव्यांवर भिस्त ठेवतात आणि लेन बराच वेळ बंद राहणार असेल तर बाणाचा मोठा फलक असलेली रस्ता विभागाची गाडी मागवतात. आवरताना क्रम उलटा: सगळ्यात आधी लावलेला, लांबचा इशारा सगळ्यात शेवटी उचलायचा. घाईत तो आधी उचलला की उरलेली माणसं उघड्यावर पडतात.

फ्लेअर, म्हणजे जळती लाल मशाल, लांबून उत्तम दिसते. 15 ते 30 मिनिटं जळते, लाल रंग तिच्यातल्या स्ट्रॉन्शियमच्या क्षारामुळे येतो. पण पेट्रोल सांडलं असेल किंवा कडेला वाळलेलं गवत असेल तर ती पेटवायची नाही. रस्ता उताराचा असेल तर सांडलेलं इंधन कुठवर वाहत गेलंय हे आधी बघावं लागतं.

दिव्यांच्या बाबतीत 'जास्त म्हणजे चांगलं' हा समज मला पटत नाही. लांबून लक्ष वेधायला लुकलुकणारे दिवे हवेतच. पण अंधाऱ्या रस्त्यावर चार-पाच गाड्यांचे दिवे एकाच वेळी फडफडायला लागले की जवळ आलेल्या चालकाचे डोळे दिपतात आणि दिव्यांच्या पुढे उभा असलेला माणूस त्याला दिसेनासा होतो. अनुभवी पथक सगळ्यात मागच्या गाडीचे दिवे चालू ठेवून बाकीचे कमी करतं आणि येणाऱ्यांच्या डोळ्यांवर पडणारे हेडलाइट बंद करतं. जॅकेटचंही एक बारकं तंत्र आहे. त्याचा झगझगीत पिवळा किंवा केशरी रंग दिवसा उठून दिसतो, कारण तो सूर्यप्रकाशातल्या अतिनील किरणांवर चमकतो. रात्री तो रंग फारसा कामाचा नसतो. तेव्हा काम करते ती रुपेरी पट्टी, जी हेडलाइटचा प्रकाश आला त्याच दिशेला परत पाठवते. तीच पट्टी मनगट, घोटे, गुडघे अशा हलणाऱ्या जागी असली तर 'हा माणूस आहे' हे चालकाला बऱ्याच लांबून ओळखू येतं. नुसत्या छातीवरची पट्टी कोनासारखी किंवा खांबासारखी वाटू शकते.

यानंतरची जागा कोणाच्याच लक्षात येत नाही: रांगेचं शेपूट. तीन लेनपैकी एक बंद झाली तर रस्त्याची क्षमता दोन-तृतीयांश राहायला हवी असं वाटतं, पण प्रत्यक्षात ती निम्म्यावर येते, कारण उरलेल्या लेनमधले लोक वेग कमी करतात, बघत राहतात, एकमेकांत घुसतात. रांग लागते आणि तिचं टोक मागे मागे सरकत जातं. पोलिसांचे दिवे पुढे राहतात आणि धोका वळणापलीकडे, चढाच्या माथ्यामागे जाऊन बसतो. दुसरा, बऱ्याचदा पहिल्याहून भयंकर अपघात तिथे होतो. म्हणून मनुष्यबळ असेल तर दुसरी गाडी पुढे न जाता रांगेच्या मागे, रांगेबरोबर मागे सरकत राहते. "पोलिसांची एक गाडी तिकडे नुसतीच उभी होती" अशी तक्रार येते ती बहुतेक वेळा याच गाडीबद्दल असते. माझ्या मते त्या वेळी ती सगळ्यात महत्त्वाची गाडी असते.

रस्त्याच्या मधोमध फुटलेल्या टायरचा तुकडा किंवा पडलेला पत्रा असेल तर तो पळत जाऊन उचलायचा नसतो. पोलिसांची गाडी बरीच मागून रहदारीच्या पुढे येते, दिवे लावून सगळ्या लेनमध्ये नागमोडी चालत ताशी 40 वर उतरते आणि मागच्या सगळ्यांना त्याच वेगाने चालायला लावते. पुढच्या गाड्या 100 ने निघून जातात आणि मध्ये मोकळा रस्ता तयार होतो. हिशेब सरळ आहे: पत्रा पडलाय तिथे तीन मिनिटं मोकळी हवी असतील तर साधारण 3.3 किलोमीटर आधीपासून असं चालावं लागतं. मधल्या अंतरात हायवेला येऊन मिळणारे रस्तेही रोखून धरावे लागतात, नाहीतर भलतीच गाडी त्या मोकळ्या जागेत शिरते. पुढे थांबलेल्या सहकाऱ्याला वायरलेसवर शेवटच्या गाडीचं वर्णन दिलं जातं, "पांढरा ट्रक, निळी ताडपत्री". तो ट्रक पुढे गेल्याशिवाय हा सहकारी रस्त्यावर पाय टाकत नाही. अशा वेळी या गाडीला ओलांडून पुढे घुसणारा चालक त्या सहकाऱ्याच्या जिवाशी खेळत असतो.

एवढं झाल्यावर तुमच्या गाडीची पाळी. पोलीस मेकॅनिक नसतात. चाक रहदारीच्या बाजूचं असेल तर वेगाच्या रस्त्यावर ते बदलू देत नाहीत, टोचन मागवतात, आणि ते योग्यच आहे. कडेचं असेल आणि जमीन सपाट असेल तर बदलता येतं: हँडब्रेक, बदलायच्या चाकाच्या तिरक्या समोरच्या चाकाला अडण, नट जॅक लावायच्या आधीच सैल करायचे, घट्ट करताना समोरासमोरचे आळीपाळीने. बॉनेटच्या फटीतून धूर आणि ज्वाळा येत असतील तर बॉनेट पूर्ण उघडायचं नाही, आत एकदम हवा जाऊन आग भडकते. गाडी सुरू झाली तर लगेच लेनमध्ये घुसू नका. कडेच्या पट्टीवरच वेग घ्या आणि मग मिसळा. तेवढा वेळ पोलिसांची गाडी तुमच्या मागे राहते.

"मग हेच लोक वेग मोजत का बसतात?" हा जोडप्रश्नही ठरलेला. तोही त्याच मीटर-सेकंदांचा हिशेब आहे. ताशी 50 ऐवजी 60 ने गेलं तर वेग 20 टक्के वाढतो, पण धडकेची ऊर्जा 44 टक्के. सरासरी वेग एक टक्का वाढला तर प्राणघातक अपघाताचा धोका सुमारे चार टक्के वाढतो, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. लेझर गन अवरक्त प्रकाशाचे झटके सोडते, ते परत यायला लागणारा वेळ मोजते आणि अर्ध्या सेकंदाच्या आत अंतर किती बदललं यावरून वेग काढते. नेम नंबरप्लेटवर धरायचा, कारण ती प्रकाश चांगला परत पाठवते. हात हलून किरण गाडीच्या कुशीवरून घसरला तर वाचन चुकू शकतं, म्हणून नेम स्थिर राहिला नसेल तर ते वाचन सोडून द्यायचं. रडार कोनातून मोजत असेल तर आकडा खऱ्यापेक्षा कमी येतो: दहा अंशांवर 100 ऐवजी 98.5. म्हणजे फायदा चालकाचाच.

चालकाच्या श्वासातली दारू तपासताना सगळ्यात महत्त्वाची पायरी म्हणजे थांबणं. नुकतंच काही प्यायलेलं असेल, ढेकर किंवा उलटी झाली असेल किंवा माउथवॉश वापरला असेल तर तोंडातलाच अल्कोहोल मोजला जातो. म्हणून पुरावा म्हणून वापरायच्या चाचणीआधी 15 मिनिटं लक्ष ठेवून थांबतात आणि मग लांब फुंकर मारायला लावतात, कारण फुप्फुसाच्या तळाची हवा हवी असते. ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्सने डिसेंबर 1982 मध्ये कुठल्याही चालकाला थांबवून तपासायला सुरुवात केली. तिथला धडा असा की पकडले गेलेले किती यापेक्षा, आज रात्री आपल्यालाही थांबवतील हे प्रत्येकाला वाटणं जास्त प्राण वाचवतं. लपून केलेली तपासणी ते साधत नाही.

आणि पोलिसांना फोन कराल तेव्हा "गाडी बंद पडली, लवकर या" इतकंच सांगू नका. रस्त्याचं नाव, जवळच्या किलोमीटर दगडावरचा आकडा, तुमची दिशा कुठल्या गावाकडे, गाडी लेनमध्ये आहे की कडेला, किती माणसं, त्यात लहान मूल किंवा चालता न येणारं कोणी आहे का, इंधन गळतंय का, हे सांगा. दिशा चुकली की पोलीस दुभाजकाच्या पलीकडे येऊन पोहोचतात आणि त्यांना पुढचा फाटा गाठून वळून यावं लागतं. गाडी लेनमध्ये असेल तर ते वाक्य सगळ्यात आधी बोला. त्यावरून एक गाडी पाठवायची की दोन, हे ठरतं.