तुम्ही विचारलेत म्हणून: नोटेशन वाचण्याची सुरुवात कुठून करावी?

मी पाच रेघांवर लिहिलेले संगीत वाचून वाजवतो हे कळले, की एक प्रश्न हमखास येतो: सरगम येते, पेटीवर गाणीही बसवता येतात, मग हे पाश्चात्त्य नोटेशन शिकायला सुरुवात कुठून करावी? विचारणाऱ्याने बहुधा कोणत्या रेघेवर कोणता स्वर याचा तक्ता पाठ करायला घेतलेलाच असतो. माझ्या मते तो तक्ता बाजूला ठेवून आधी केवळ लय वाचावी. चार मात्रांच्या साध्या तालात पोकळ, बिनदांडीचे चिन्ह चार मात्रांचे, पोकळ पण दांडीचे दोन मात्रांचे, भरीव दांडीचे एका मात्रेचे, आणि दांडीला शेपटी लागली की अर्ध्या मात्रेचे. एवढ्यावर टाळी देत ओळ म्हणून पाहावी. एखादा स्वर चुकला तरी पुढे जाता येते, पण मात्रा चुकली की सोबत वाजवणाऱ्यांची संगतच सुटते. विश्रांतीच्या चिन्हांचीही मात्रा मोजायचीच असते, आणि नवशिके नेमकी तिथेच घाई करतात.

त्यानंतर स्वर, तेही एकेक नावाने नव्हे, अंतराने. ट्रेबल क्लेफचे, म्हणजे ओळीच्या आरंभीच्या वळणदार चिन्हाचे, वेटोळे खालून दुसऱ्या रेघेभोवती असते, ती रेघ ‘जी’ या स्वराची. तिथून लगतच्या मोकळ्या घरात गेलो की लगतचा स्वर, रेघेवरून पुढच्या रेघेवर गेलो की मधला एक स्वर वगळून पुढचा.

सरगम येणाऱ्यांची खरी अडचण यापुढे सुरू होते. सरगम लिहिण्याच्या भातखंडे पद्धतीत कोमल स्वराखाली आडवी रेघ आणि तीव्र मध्यमावर उभी रेघ असते, पण सारे स्वर सा धरून लिहिलेले असतात आणि तो सा गाणारा आपल्या पट्टीत लावतो. पाच रेघांवरची जागा मात्र ठरलेल्या उंचीच्या स्वराची असते. शिवाय रेघा समान अंतरावर दिसल्या तरी स्वर तसे नसतात. ‘ई’ आणि ‘एफ’, म्हणजे पेटीवर ‘सी’पासून मोजल्यास पांढरी तीन आणि पांढरी चार, यांच्यामध्ये काळी पट्टी नाही. ‘बी’ आणि वरचा ‘सी’ यांचेही तसेच. कागदावर हे कुठेच दिसत नाही, म्हणून ते हातात असावे लागते.

आता पांढरी पाच, म्हणजे ‘जी’, सा धरून बिलावल थाटाचे, म्हणजे सगळे शुद्ध, स्वर वाजवा. सा ते ध सरळ पांढऱ्या पट्ट्यांवर मिळतात. पण शुद्ध नी वरच्या सा पासून अर्ध्याच स्वरावर हवा, आणि पांढरी चार तर पूर्ण स्वर खाली आहे. त्यामुळे नी काळी तीनवर जातो. ओळीच्या आरंभी ‘एफ’च्या रेघेवर जे एक शार्पचे, म्हणजे स्वर अर्ध्याने चढवणारे, चिन्ह दिसते, ते याचसाठी. हे एकदा स्वतःच्या बोटांनी शोधून काढले, की पुढची चिन्हे घोकावी लागत नाहीत. थिअरीची पुस्तके हाच भाग कोष्टकात उरकतात, याचा मला नेहमीच राग येतो.

स्वरांची नावे मात्र चिन्हांखाली पेन्सिलीने लिहू नका, कारण मग डोळे अक्षरेच वाचतात. रोज एखादी नवी, अगदी सोपी ओळ संथ लयीत, न थांबता वाजवा आणि ती बाजूला ठेवा. तीच ओळ पुन्हापुन्हा घेतली तर ती लवकरच पाठ होते आणि वाचन तिथेच थांबते.