विसमितेचं दान

रविवार, ८ फेब्रुवारी. रात्रीचे साडेदहा.

ब्रह्मपुरीला मावशीकडे जाताना पवनीचा फाटा आजवर किती वेळा मागे टाकला, त्याचा हिशेबच नाही. लहानपणी आम्ही इतवारीहून नागभीडच्या छोट्या रेलनं जायचो. ती २०१९ मध्ये बंद झाली, आता तिथं मोठ्या लाईनचं काम चालू आहे. तेव्हापासून उमरेड-भिवापूरचा रस्ता, आणि दर वेळी तोच फलक. आज परत येताना दादाला म्हटलं, वळव गाडी. आई मागच्या सीटवर डुलकी घेत होती. तिला गावात शिरल्यावरच जाग आली.

गावाच्या अलीकडे एका सातऱ्यावर, म्हणजे मिरच्यांचे देठ खुडतात त्या जागी, थांबलो. ताडपत्रीवर मिरचीचे लालभडक ढीग, आणि तोंडाला फडकं बांधून देठ खुडत बसलेल्या पंधरा-वीस बाया. पाच मिनिटांतच आमचे डोळे चुरचुरायला लागले, त्यांचे हात मात्र थांबत नव्हते. एकीनं मान वर न करताच विचारलं, "कुठून आल्या बाई?"

"नागपूरहून. टेकडी पाहायला."

"जगन्नाथाची? मंग सिधे जा न तलावाच्या काठानं. पण आता ऊन हाय, आईले सांभाळून न्या."

तिची नखं आतपर्यंत लाल झाली होती. किलोवर पैसे मिळतात, म्हणाली. भिवापुरी मिरचीला भौगोलिक मानांकन मिळाल्याचं मी कधीतरी पेपरात वाचलं होतं, ही बोटं आज पहिल्यांदा पाहिली.

पवनीचा तट लांबून तट वाटतच नाही. मातीचा उंच बांध, त्यावर झुडपं, खाली खंदक. तीन बाजूंनी असा वेढा आणि चौथीकडे वैनगंगा. त्या बांधाच्या आत दोन हजार वर्षांहून जुनं नगर होतं, हे कुणी सांगितल्याशिवाय कळायचं नाही. गावात देवळं इतकी, की लोक पवनीला विदर्भाची काशी म्हणतात. आम्ही ती सगळी पाहिली नाहीत. आईचा गुडघा आणि उतरतं ऊन, दोन्हीकडं पाहावं लागलं.

बालसमुद्र तलावाच्या काठची टेकडी मात्र पाहिली. १९६९-७० मध्ये नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी इथं खोदकाम केलं, शां. भा. देव आणि जगत्पती जोशी यांच्या देखरेखीखाली. जगन्नाथाच्या देवळाखालून स्तूप निघाला. भोवतीच्या दगडी कठड्यावर ब्राह्मी लिपीत लेख होते, इसवीसनापूर्वी दुसऱ्या शतकाच्या आसपासचे. एका शिल्पात पाच फण्यांचा नाग आहे, आणि शेजारी त्याचं नावही कोरलंय: मुचलिंद. बोधीनंतर मोठा पाऊस झाला तेव्हा बुद्धावर फणा धरणारा तो हाच. नागाखाली बुद्धाची मूर्ती नाही, आसन रिकामं आहे. त्या काळात बुद्ध असाच दाखवत.

हे दादानं तलावाच्या काठावर बसून फोनवर वाचून दाखवलं तेव्हा आई एकदम सरळ बसली. आमचे आजोबा १४ ऑक्टोबर १९५६ ला दीक्षाभूमीवर होते. त्याच छोट्या रेलनं नागभीडहून आले होते, पांढरं धोतर गाठोड्यात बांधून. दीक्षेसाठी नागपूरच का, हे बाबासाहेबांनी दुसऱ्या दिवशीच्या भाषणात सांगितलं, त्यात नाग लोकांची गोष्ट होती. ती आजोबांच्या तोंडून आईनं शंभरदा ऐकलीय. नागभीड, नागनदी, नागपूर अशी नावं ते एका श्वासात घ्यायचे. पवनीचा नाग त्यांना कुणी दाखवलाच नाही. त्यांचं गाव इथून असं कितीसं लांब होतं? मला आज सगळ्यात जास्त चुटपूट याचीच लागली.

मग दादा लेख वाचायला लागला. राजाबिजाचं काही नाही. कुणी भिक्खू, कुणी उपासक, ज्यानं त्यानं कठड्याचा एकेक दगड दिलेला आणि त्यावर आपलं नाव घातलेलं. त्यात एक बाई आहे, विसमिता. तिच्या दानाच्या लेखात पुढे शब्द आहेत: "सुखाय होतु सवसतानं".

दादा अर्थ शोधत होता. आई म्हणाली, "शोधतोस काय बाप्पा, आपण रोज म्हणतो ना! सब्बे सत्ता सुखी होन्तु."

मला काही बोलताच आलं नाही. आई सातवी शिकलेली. ब्राह्मी तिनं कधी पाहिली नाही, पाली कुणी शिकवली नाही. वंदनेत पाठ झालेल्या ओळीनं ती त्या दगडापाशी आमच्या दोघांच्या आधी पोचली. सगळ्या जिवांना सुख होवो. विसमितेनं दगडासाठी पैसे कसे साठवले असतील? सूत कातून, की धान विकून? घरी कुणाला विचारलं असेल का? लेखात तेवढं नाही, नाव आहे आणि इच्छा आहे. मला सातऱ्यावरच्या त्या बाईचं नाव विचारायचं राहून गेलं, हे तेव्हा लक्षात आलं.

परतताना तिथंच थांबलो, पण सातरा उठला होता. एक पोरगा ताडपत्री गुंडाळत होता, त्याच्याकडून दोन किलो मिरची घेतली. उमरेडला आलूबोंडा-रस्सा खाल्ला आणि आठच्या सुमारास घरी आलो.

संध्याकाळची वंदना आज उशिरा झाली. आई नेहमी भराभर म्हणते, आज त्या ओळीवर थांबली, मग पुढे गेली. आता स्वयंपाकघरात पेपर पसरून मिरच्यांचे देठ खुडत बसलीय. मध्येच हाक मारून विचारलं, कुही-मांढळला कधी जायचं म्हणून. मांढळला वाकाटकांचे ताम्रपट सापडलेत, हे दादानं तिला गाडीत सांगितलं होतं. पुढचा रविवार, असं ठरलंय.