विरारची लोकल पकडण्याआधी बाजूचा फोटो मागवा

‘एकदम नवीसारखी, फक्त तारा बदलायच्या आहेत’ या जुन्या गिटारच्या जाहिरातीतल्या ओळीवर विसंबून विरारला गेलं की हातात येते ती यामाहा एफ३१० ही साधी अकूस्टिक गिटार अशी: बाराव्या फ्रेटवर (मानेवरची धातूची आडवी पट्टी) जाड ई तार साडेचार मिलिमीटर उचललेली, ब्रिजमागे (तारा जिथे अडकवतात तो लाकडी तुकडा) पुढची फळी फुगलेली आणि सॅडल (ब्रिजवरची, तारा टेकायची छोटी पट्टी) आधीच घासून घासून ब्रिजला टेकलेलं. तारा बदलून यातलं काहीच सुटत नाही. जाहिरातीतले सगळे फोटो समोरून काढलेले, आणि समोरून ही गिटार खरंच नवीसारखी दिसते.

विक्रेता खोटंच बोलत असतो असं नाही. बऱ्याचदा त्याला हा दोष माहीतच नसतो, ‘बोटं दुखतात’ एवढंच माहीत असतं. सुरात लावलेल्या लाइट गेजच्या, म्हणजे बारीक, सहा तारा मिळून सत्तर-पंचाहत्तर किलोच्या आसपास ताण ठेवतात. तो ताण तसाच ठेवून गिटार वर्षानुवर्षं माळ्यावर जाते. उन्हाळ्यात वरचा स्लॅब तापतो, पावसाळ्यात मुंबईच्या दमट हवेने लाकूड फुगतं. हळूहळू नेकचा (मानेचा) सांधा पुढे झुकतो आणि तारा फ्रेटबोर्डपासून लांब जातात.

यावरचा स्वस्त इलाज म्हणजे सॅडल खालून घासणं. बाराव्या फ्रेटवर १ मिमी उतरवायला सॅडल २ मिमी घासावं लागतं. म्हणून नुसती ॲक्शन (बाराव्या फ्रेटपासून तारेची उंची) मोजू नका, सॅडल ब्रिजच्या वर किती उरलंय तेही मोजा. ॲक्शन साडेतीन आणि सॅडल ४ मिमी वर असेल तर बेलाशक घ्या, अडीचपर्यंत आरामात उतरेल. ॲक्शन साडेचार आणि सॅडल दीड, तर चहालाही थांबू नका. पुढचा इलाज नेक सोडवून, कोन बदलून पुन्हा बसवण्याचा, आणि एफ३१०सारख्या गिटारवर तो खर्च करणं म्हणजे शुद्ध वेडेपणा. ‘ट्रस रॉड फिरवला की होईल’ असं तिथे उभा असलेला कुणीतरी मित्र हमखास सांगतो. ट्रस रॉड, म्हणजे नेकच्या आतली धातूची कांब, नेकचा बाक काढतो, सांध्याचा कोन नाही. बाक बघायचा तर पहिला आणि चौदावा फ्रेट एकदम दाबा. सातव्या फ्रेटपाशी तारेखालून व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकायला हवं.

मोजण्याआधी ट्यूनर ॲप लावून गिटार ई-ए-डी-जी-बी-ईला आणा. सूर एक-दोन स्वर खाली उतरवून ठेवला असेल तर ताण कमी होतो आणि ॲक्शन खोटी कमी दिसते. ‘तार तुटेल, वर नका चढवू’ म्हणणाऱ्याकडून काहीही घेऊ नका. तारांचा एक नवा संच सोबत ठेवा. तुटली तर लावून देता येते आणि सबब उरत नाही.

हे सगळं घरबसल्या कळू शकतं. चार फोटो मागा: बाराव्या फ्रेटला स्टीलची पट्टी लावून बाजूने, सॅडल बाजूने, ब्रिजची मागची कड, आणि हेडस्टॉक (खुंट्यांचं डोकं) मागून, जिथे नट (मानेच्या वरच्या टोकाची, तारा टेकायची पट्टी) संपतो तिथे. या शेवटच्या जागी केसासारखी रेघ असेल तर ती बहुधा पडून तुटलेली आणि चिकटवलेली गिटार आहे. ब्रिजच्या मागच्या कडेखाली कागद शिरत असेल तर ब्रिज सुटत चाललाय. फोटो द्यायला टाळाटाळ झाली तर तिकीट काढू नका.

 

भावाचंही सांगायला हवं. विक्रेते बिलावरची किंमत धरतात, वर बॅग, कॅपो, पट्टा, पिक्स असं सगळं जोडतात. तुम्ही त्याच मॉडेलची आजची नवी किंमत बघा आणि त्याच्या निम्म्यापासून बोलणं सुरू करा. साठ टक्क्यांच्या वर जाऊ नका. पहिल्या तीन फ्रेटवर तारांखाली खोल चरे पडले असतील तर आणखी खाली या, कारण फ्रेट घासून सपाट करायचं काम स्वस्त नसतं. बॅगेचे वेगळे पैसे मागणं हा निव्वळ उद्धटपणा आहे. आणि तीन हजारांची ३८ इंची कटअवे (एका बाजूने खाच कापलेली गिटार) कुणी फुकट दिली तरी नको. त्यातल्या बऱ्याच गिटारमध्ये ट्रस रॉडच नसतो.

‘मी फौजेत आहे, बदली झाली, पार्सलने पाठवतो, टोकन द्या’ असा मेसेज आला की सरळ ब्लॉक करा, ओळखपत्राचा फोटो पाठवला तरी. तुम्ही गिटार विकत असाल आणि समोरचा ‘क्यूआर स्कॅन करा, पैसे येतील’ म्हणाला तर तेही तेच. यूपीआयचा पिन पैसे देताना लागतो, घेताना कधीच नाही. पैसे गिटार हातात घेऊन, वाजवून झाल्यावरच द्या.

प्रवासाची वेळ साधी आहे. सकाळी अकरानंतर चर्चगेटहून निघा, परत येताना विरारहूनच गाडी धरा. संध्याकाळी लोंढा उलट दिशेने असतो. बोरिवलीला उतरायचं असेल तर चर्चगेटहून सुटणाऱ्या विरार फास्टमध्ये गिटार घेऊन चढायचा विचारही करू नका. मऊ बॅगेतली गिटार पाठीवर न लटकवता पोटाशी उभी धरा, हेडस्टॉक वर, आणि निघताना सगळ्या तारा एक-दोन स्वर सैल करा.