स्वाक्षरी संग्रह: तिसऱ्या पत्राला उत्तर आलं

आलं! लेखकाकडे सही मागितली होती, पाच महिन्यांनी काल पाकीट आलं. उत्तरासाठी माझा पत्ता लिहून मीच जोडलेलं, म्हणजे वर माझंच अक्षर, त्यामुळे क्षणभर कळेना की मीच मला पत्र का लिहिलंय.

पहिली दोन पत्रं का वाया गेली ते आता दिसतंय. पहिलं तीन पानी, त्यात लेखकापेक्षा माझीच माहिती जास्त. दुसऱ्यात चार कोरी कार्डं कोंबली होती. चार सह्या मागणारा चाहता कमी नि विक्रेता जास्त वाटतो (कुणाला बोचलं तर बोचू दे). या वेळी जेमतेम आठ ओळी लिहिल्या: कथेतला कुठला प्रसंग डोक्यातून जात नाही ते, आणि माझ्या नावानिशी एक सही. नाव आलं की विकताना भाव पडतो म्हणतात. मला कुठे विकायचीय!

घोळ कार्डानं केला. हौसेनं चकचकीत कार्ड पाठवलं होतं. त्यात शाई मुरत नाही, वरच राहते. सही शाईच्या पेनानं झाली, वाळायच्या आत पाकिटात गेली. आडनावाच्या शेवटच्या वेलांटीचा निळा फराटा झालाय. हळहळत पाकीट कापून उघडलं, तर आतल्या बाजूला तीच वेलांटी उलटी उमटलेली! म्हणजे सही छापील नाही हे नक्की.

ऑटोपेनची, म्हणजे सह्या करणाऱ्या यंत्राची, शंका मात्र एवढ्यानं फिटत नाही, ते यंत्रही खरंच पेन धरून लिहितं. म्हणून मित्राकडची याच लेखकाची सही मागवली आणि दोन्हींचे स्कॅन एकावर एक ठेवले. यंत्राच्या सह्या तंतोतंत जुळू शकतात, हाताच्या जुळत नाहीत. या दोन्हींत पहिल्या अक्षराचा काना चांगलाच वेगळा पडलाय. जिवात जीव आला.

लहानग्या सत्यजित राय यांची सहीची वही रवींद्रनाथांनी ठेवून घेतली होती आणि दुसऱ्या दिवशी आठ ओळींची कविता लिहून परत दिली होती. आपलं नशीब वेलांटीपुरतं.

सही पीव्हीसी प्लॅस्टिकच्या पाऊचमध्ये ठेवू नका, तो कालांतरानं शाईला चिकटतो. मी पॉलिएस्टर प्लॅस्टिकचा वापरलाय. भिंतीवर फक्त छायाप्रत, कारण उजेडानं शाई फिकी पडते. पुढच्या पत्रासाठी खरखरीत, बिनचकाकीची कार्डं कापून ठेवलीत. आणि ते कापलेलं पाकीट, आतली बाजू वर करून, सहीच्या शेजारीच ठेवलंय.