नागाव-रेवदंड्याच्या विहिरी मोजताना

मेच्या दुसऱ्या आठवड्यात तीन दिवस अलिबागजवळ आक्षी ते रेवदंडा वाड्यावाड्यांतून फिरून भूजलाच्या नकाशासाठी विहिरींची पाणीपातळी घेतली. किनाऱ्यालगत वाळूचा पट्टा, त्यावर नारळी-पोफळी. वाळूत मुरलेला पाऊस खालच्या खाऱ्या पाण्यावर तरंगून राहतो, म्हणून लाटांचा आवाज येतो तिथेही विहिरीला गोडं पाणी.

पहिल्या दिवसाचे निम्मे आकडे टाकून द्यावे लागले. नऊला सुरुवात केली, तोवर वाड्या शिंपायला मोटारी लागलेल्या. उपशाने उतरलेलं पाणी नकाशावर खड्डा दाखवतं, जो खरा नसतोच. पहाटे निघा, आणि दर विहिरीवर विचारा, "मोटार कधी बंद केलीत?"

पोलादी टेपच्या टोकाला मीटरभर खडू घासा आणि सोडा. भिजलेला खडू गडद होतो, रेघ स्वच्छ दिसते. समजा, कठड्यावर टेप ४ मीटरला धरली आणि रेघ ०.६२ वर आली, तर पाणी ३.३८ मीटरवर. जिथून मोजलं तिथे मालकाला विचारून रंगाचा टिपका द्या. किनाऱ्याजवळच्या विहिरींत पातळी भरती-ओहोटीबरोबर हलते, म्हणून वेळही लिहा.

खरी मेख आहे ती कठड्याच्या उंचीत. फोनवरची उंची काही मीटरनेही चुकते, आणि इथे पाणी समुद्रसपाटीच्या वर मुळात थोडंच. ढोबळ नियम असा, की पाणी १ मीटर वर असेल तर गोड्या पाण्याचा थर ४० मीटर खाली जातो. अर्थात मधे कातळ लागला नाही तर. वीतभर चूक झाली की खालचा हिशोब नऊ मीटरने बिघडतो. त्यामुळे जवळच्या बेंचमार्कपासून (समुद्रसपाटीपासूनची उंची ठाऊक असलेली पक्की खूण) दुर्बिणीने कठड्यापर्यंत लेव्हल आणाच. आमचा एक अख्खा दिवस त्यात गेला, पण त्याशिवाय नकाशावर समपातळी रेषा, म्हणजे सारख्या पाणीपातळीच्या जागा जोडणाऱ्या रेषा, काढण्यात अर्थ नाही.

क्षारता वर आणि तळाशी, दोन्हीकडे मोजा. रेवदंड्यात एका आजींनी मीटर बघण्याआधीच सांगितलं, "मे महिन्यात मोटार तळाला सोडत नाही आम्ही. मचूळ येतं, पोफळी पिवळ्या पडतात." तळाचा आकडा वरच्याच्या तिप्पट निघाला.

पावसाळ्यात गेटवे-मांडवा लाँच बंद असते, म्हणून दुसरी फेरी नोव्हेंबरात ठेवा. आजींच्या कठड्यावर निळा टिपका आहे, सुरुवात तिथूनच करा. मेचा आकडा त्यांना कॅलेंडरवर लिहून दिलाय. पुढचाही हवाय त्यांना.