वडखळ ओलांडल्यावर

पावसाळ्यात गेटवेहून मांडव्याला जाणाऱ्या बोटी बंद झाल्या की कामानिमित्त अलिबागला नेमाने जाणारे आम्ही बरेच मुंबईकर रस्ता धरतो, आणि याबद्दल हळहळणाऱ्यांत मी नाही. बोटीचा प्रवास सुटसुटीत असतो हे खरे. पण मला बस आवडते, आणि तीही एका पट्ट्यासाठी. चेंबूरच्या मैत्री पार्कला बस पकडावी आणि खाडीपूल, पनवेल, कर्नाळ्याचा सुळका, हमरापूर-पेणच्या कारखान्यांत रंगाची वाट पाहत बसलेल्या गणेशमूर्ती हे सगळे मागे जाऊ द्यावे. वडखळला बस उजवीकडे वळते, धरमतरच्या खाडीवरचा पूल ओलांडते आणि मग कार्लेखिंडीचा चढ लागेपर्यंत दोन्ही बाजूंना खारेपाट, म्हणजे खाडीकाठची सखल खारजमीन, पसरलेला असतो.

जुलैतल्या त्या सकाळी पाऊस इतका होता की कनकेश्वराचा आणि सागरगडाचा डोंगर दिसेनासा झाला होता. एरवी हे डोंगर क्षितिजावर उभे राहून आपल्याला दिशा सांगत असतात. ते नाहीसे झाल्यावर उरली ती फक्त सपाट जमीन, तिच्यावर वीतभर पाणी आणि त्या पाण्यात ओळीने वाकून भातलावणी करणाऱ्या बाया. माझ्या घरच्या खिडकीतून समोरच्या इमारतीची खिडकी दिसते आणि तिच्यापलीकडे नजर जात नाही. खारेपाटात मात्र नजरेला अडवणारे काहीच नसल्यामुळे ती जिथे थांबते तिथून पुढे मन आपला कारभार हाती घेते. मुंबईकराने वर्षातून एकदा तरी हे अनुभवावे, असे माझे प्रामाणिक मत आहे.

पूल संपताच बसचे गलबत झाले. रस्ता शेतांच्या पाण्यापेक्षा जेमतेम उंच होता आणि खिडकीतून पाहता चाकांखाली डांबर असल्याची खूण दिसत नव्हती. वाहक तांडेल झाला आणि तिकिटांचे पैसे घेण्याऐवजी प्रत्येक उतारूला पाण्याची खोली विचारू लागला. बांधावर ठरावीक अंतराने उभे असलेले बगळे हे या मुलुखाचे पाहणी अधिकारी असून कोणत्या बांधाला भेग पडली आहे याची नोंद ते संध्याकाळी कुठेतरी एकत्र बसून करतात, याविषयी माझी खात्री पटली. इकडे घराशेजारच्या तळ्यात जिताडा पाळण्याची जुनी रीत आहे. आजच्यासारख्या पावसात तळी काठोकाठ भरली की ते थोराड मासे रात्री एकमेकांच्या घरी जाऊन येत असतील, आणि सकाळी मालकाने मोजणी केली तर पाहुणा कोण आणि घरचा कोण हे त्याला कळत नसेल, असेही वाटून गेले.

शेजारच्या आसनावर पोयनाडला उतरणाऱ्या एक आजी होत्या. मी इतका वेळ बाहेर काय पाहते आहे, असे त्यांनी विचारले तेव्हा मी सरळ सांगितले की ही सगळी जमीन मला समुद्र वाटते आहे. त्या मुळीच हसल्या नाहीत. "समुद्रच आहे ती, बाय. आमच्या लोकांनी बाहेर ठेवलाय त्याला," एवढे म्हणून त्यांनी पुढची दहा-पंधरा मिनिटे मला जे सांगितले त्यापुढे माझे गलबत फारच साधे ठरले. खाडीच्या बाजूने मातीचा मोठा बांध असतो, तो बाहेरकाठा. त्यात जागोजागी उघाड्या असतात. ओहोटीला आतले पावसाचे पाणी उघाडीची झडप ढकलून बाहेर जाते आणि भरती आली की खाडीचेच पाणी ती झडप दाबून बंद करते. अमावास्येचे उधाण आणि मुसळधार पाऊस एकाच वेळी आला तर बांधावर ताण येतो, आणि एकदा का खांड गेली की खारे पाणी शेतात शिरून पुढची काही वर्षे भात धरत नाही. त्यांच्या लहानपणी अशा रात्री घरातली पुरुषमाणसे कंदील घेऊन बांधावर जागत आणि शेजारच्या गावांनाही हाका जात.

मी खिडकीतून जे रचत होते त्याहून कितीतरी अशक्य गोष्ट कोणीतरी फार पूर्वी या चिखलाकडे पाहून मनात रचली होती: इथे भात पिकेल. खाजणातल्या गुडघाभर गाळात उभे राहून ज्यांनी हे प्रथम पाहिले त्यांची नावे कोणी लिहून ठेवली नाहीत. पुढे याच जमिनीच्या खंडावरून, म्हणजे जमीनमालकाला द्याव्या लागणाऱ्या वाट्यावरून, अलिबाग तालुक्यातल्या चरीच्या शेतकऱ्यांनी नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली १९३३ ते १९३९ अशी सहा वर्षे शेत कसणेच थांबवले आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्यांना पाठिंबा दिला. समुद्राकडून मिळवलेली जमीन पडीक ठेवण्यासाठी काय काळीज लागले असेल, हे त्या बांधाची गोष्ट ऐकल्यावरच मला नीट उमगले. या पट्ट्याला 'रिकामी जागा' म्हणून प्रकल्प सुचवणारी माणसे भेटतात तेव्हा मला मनापासून राग येतो.

पोयनाडला आजी उतरल्या. कार्लेखिंडीत बस चढू लागली, झाडे जवळ आली आणि मन पुन्हा आवरून बसले; अलिबागला पोहोचेपर्यंत एकच कल्पना टिकली. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून कुलाब्याच्या वेधशाळेतले भूचुंबकीय मापन १९०४ साली अलिबागला हलवले गेले, कारण विजेच्या प्रवाहाने तिथल्या नाजूक सुया विचलित झाल्या असत्या. अलिबागच्या त्या इमारतीच्या बांधकामात लोखंड टाळलेले आहे. आमच्या बसचे लोखंड, छत्र्यांच्या काड्या, हे सारे गावात शिरताना त्या सुयांना किंचित तरी जाणवत असेल, आणि मुंबईहून कोणीतरी आले आहे अशी एक बारीक रेघ तिथल्या नोंदीत उमटत असेल, असे मला उतरेपर्यंत वाटत राहिले.

काम दुपारीच संपले, पण निघायला उशीर झाल्याने परतीच्या प्रवासात अंधार होता. या रस्त्याने जाणाऱ्यांनी वडखळनंतर मोबाइल पिशवीत ठेवावा, एवढी एकच विनंती. पुढच्या वेळी मी अमावास्येच्या आसपास निघणार आहे आणि पोयनाडला उतरून भरतीच्या वेळी एखाद्या उघाडीपर्यंत चालत जाणार आहे. खाडीचे पाणी स्वतःच स्वतःला अडवणारी झडप लावून घेते, हे मला डोळ्यांनी पाहायचे आहे.