तुम्ही विचारलंत म्हणून: कराओकेला बायकांसाठी सोपं जपानी गाणं कुठलं?

डिसेंबरात बोनेनकाई, म्हणजे वर्षअखेरच्या ऑफिसच्या पार्ट्या, आणि मार्चअखेर निरोपाच्या पार्ट्या, या दोन सीझनला मला हमखास मेसेज येतात. "ताई, ऑफिसचे लोक जेवणानंतर कराओकेला नेणारेत, बायकांना म्हणता येईल असं एखादं सोपं जपानी गाणं सांगा ना." टोकियोतल्या निशी-कासाई भागातल्या मैत्रिणी विचारतात, पुण्यात जपानी शिकून नुकत्याच टोकियोत आलेल्या मुली विचारतात, कधीकधी नवरे बायकोसाठी विचारतात. आजवर मी दोन-तीन नावं पाठवून मोकळी व्हायचे. आता एकदाच सगळं लिहिते, कारण नावं पाठवून काम होत नाही आणि मला वाईट वाटत राहतं ते राहतंच.

बायकांचा म्हणून एकच आवाज नसतो हो. हे निदान आपल्याला तरी सांगायला लागू नये. गाणं शिकायला गेलो की बाई आधी पेटीवर आपली पट्टी शोधून देतात, कुणाची काळी पाच, कुणाची काळी चार, माझी काळी तीन, आणि मी काळी तीनमध्ये गायले म्हणून भूप काही कमी भूप होत नाही. जपानी पॉपमध्ये रेकॉर्ड ज्या पट्टीत निघाली ती 'मूळ पट्टी', आणि गायिकांची कितीतरी गाणी अशी बांधलेली असतात की सुरुवात अगदी बोलल्यासारखी खाली आणि साबी, म्हणजे सगळे ज्याची वाट बघत असतात तो खुलणारा भाग, आला की एकदम तार सप्तक. यूट्यूबवर ऐकताना तुम्हाला सोपी वाटते ती सुरुवात. लय संथ आहे म्हणून गाणं सोपं, असं समजून तुम्ही निवडता आणि संथ गाण्यातच वरचा सूर जास्त वेळ धरून ठेवायला लागतो.

गायिका हितोतो योचं 'हानामिझुकी' घ्या, २००४ चं. अमेरिकेतल्या ११ सप्टेंबरच्या हल्ल्यानंतर तिने ते लिहिलं, तुझं आणि तुझ्या माणसाचं शंभर वर्षं टिकू दे अशी त्यात प्रार्थना आहे, शब्द स्वच्छ आहेत, एका सुरावर साधारण एक अक्षर. सोप्या गाण्यांच्या यादीत ते नेहमी असतं आणि असायलाच हवं. पण माझ्यासाठी ते मूळ पट्टीत सोपं नाही, आणि ते मला कुठे कळलं ते सांगते.

मार्चची अखेर होती, आमच्या ऑफिसमधली एक सीनियर सहकारी नोकरी सोडून चालली होती. मला तिथलं पहिलं वर्षभर जिने सांभाळून घेतलं ती ही. तिने मला आधीच सांगून ठेवलेलं, माझ्यासाठी 'हानामिझुकी' म्हण. मी तयारी केली होती, शब्द वहीत देवनागरीत उतरवले होते, दीर्घ कुठे, अर्धं 'त्सु' कुठे थांबतं त्या सगळ्या खुणा केल्या होत्या. डेन्मोकुवर, म्हणजे गाणं निवडायच्या टॅबलेटवर, गाणं टाकतानाच पट्टी तीन पायऱ्या खाली घेतली. पहिल्या ओळी छान गेल्या, खोलीतली बडबड थांबली, ती समोर बसून ऐकत होती. आणि साबीच्या जरा आधी आमच्या काचोंनी, म्हणजे सेक्शनच्या साहेबांनी, रिमोट उचलून मूळ पट्टीचं बटण दाबलं. हसत हसत, अगदी प्रेमाने, "बाईचं गाणं बाईच्या आवाजातच गोड लागतं" असं म्हणत.

ओळीच्या मध्यात म्युझिक तुमच्याखालून वर निघून जातं म्हणजे काय होतं हे ज्याचं झालंय त्यालाच कळेल. न शिकलेली बाई कदाचित जुन्याच सुरात पुढे गात राहिली असती, थोडं बेसूर झालं असतं, सगळे हसले असते, संपलं असतं. माझा कान शिकलेला, नवा सा मला लगेच सापडला, आणि सापडला म्हणून त्याच क्षणी हेही कळलं की पुढचा सूर माझ्या गळ्यात नाही. तरी गेले. आवाज फाटला, दुसऱ्यांदा फाटला, मग मी माईक खाली घेतला आणि उरलेली साबी खोलीतल्या बाकीच्यांनी म्हटली, चांगली मोठ्याने, मला सावरायला म्हणून. टाळ्या वाजल्या. मार्कांचं मशीन चालू होतं, स्क्रीनवर मार्क आले, कुणीतरी घाईने पुढचं गाणं लावलं. काचोंना आजही कल्पना नसेल की काही घडलं, आणि मला त्यांचा राग येतो तो यासाठीच जास्त येतो. त्यांना दुष्टपणा करायचा नव्हता. बाई म्हणजे जुनी पॉप गायिका मात्सुदा सेइको, बाई म्हणजे उंच आणि गोड, हे त्यांच्या कानात इतकं पक्कं की माझा खरा आवाज त्यांना मशीनची चूक वाटली.

स्टेशनवर त्या सहकारीने मला सांगितलं की ती नोकरीला लागल्यापासून ऑफिसच्या कराओकेत फक्त स्पिट्झ या बँडची गाणी गाते. तुम्ही तिथे असता तर तुम्हालाही आठवलं असतं, दरवेळी 'चेरी', १९९६ चं. त्यांच्या गायकाचा, कुसानो मासामुनेचा, आवाज पुरुषाचा असून वरचा, बायकांना ते मूळ पट्टीत जरा खाली पडतं, दोन-तीन पायऱ्या वर घेतलं की छान बसतं, आणि पुरुषाचं गाणं असलं की गोड आवाज काढ असं कुणी म्हणत नाही.

मग मीही तेच केलं, बरीच वर्षं. आणि त्या वर्षांत मला विचारलं असतंत तर मी ठणकावून सांगितलं असतं की पुरुषांची गाणी म्हणा, प्रश्न मिटला. आज मला तसं सांगवत नाही. 'हानामिझुकी' माझं आवडतं गाणं होतं, ते मी का सोडायचं? पण तेव्हाच्या मला विचाराल तर ती म्हणेल, सोडलं नाही, माझ्या आवाजाची जागा शोधली, आणि तुला आता वर्षानुवर्षं एकाच ऑफिसात राहून सोय झालीय म्हणून हे बोलणं सुचतंय. तिचंही बरोबर आहे.

तर नावं. सोपं ठरवताना मी आधी बघते की शब्द किती दाटीने भरलेत. स्क्रीनवर कांजीच्या, म्हणजे चिनी अक्षरांच्या, डोक्यावर उच्चार सांगणारी हिरागाना अक्षरं असतात, तेव्हा वाचता येत नाही ही अडचण नसते, वेगात वाचता येत नाही ही असते. योआसोबी या जोडीचं 'योरु नि काकेरु' आवडतं म्हणून निवडू नका, त्यांचा संगीतकार आयासे मुळात व्होकॅलॉइडसाठी, म्हणजे श्वास न लागणाऱ्या मशीनसाठी, चाली करणारा, तिथे दम घ्यायला जागाच शोधायला लागते. नात्सुकावा रिमीने २००१ मध्ये गायलेलं 'नादा सोसो' बघा, मोरियामा र्योकोने गेलेल्या भावासाठी लिहिलेले शब्द आहेत, थोडे आहेत, पण आवाज खालचा असेल तर पट्टी उतरवाच. आयम्योन या गायिकेचं २०१८ चं 'मारीगोल्ड' मुळातच फार वर चढत नाही, खालच्या आवाजाच्या मुलींना मी तेच देते. एकटीने गायची भीती असेल तर एकेबी या मुलींच्या ग्रुपचं 'कोइसुरु फॉर्च्युन कुकी', २०१३ चं, सगळी खोली हात हलवत तुमच्याबरोबर गाते, तुमचा सूर कुणी वेगळा काढून ऐकत नाही.

आणि जरा तरी शास्त्रीय शिकलेल्या बायकांनी साकामोतो क्यूचं 'उए ओ मुइते अरुको' म्हणावं असं माझं मत आहे. १९६१ चं गाणं, १९६३ मध्ये अमेरिकेत बिलबोर्डला पहिल्या नंबरवर गेलेलं, खोलीतल्या साठीच्या माणसापासून विशीतल्या पोरापर्यंत सगळ्यांना येतं. सुरुवातीच्या ओळी ऐका, सा रे ग प ध, भूपाचेच सूर आहेत. पुरुषाचं गाणं आहे, हो. म्हणजे मी परत तिथेच आले, मला दिसतंय.

खोलीत शिरलात की मार्कांचं मशीन बंद करायला सांगा, गाइड मेलडीचा, म्हणजे सोबत वाजणाऱ्या मूळ चालीचा, आवाज वाढवा, आणि पट्टी गाणं टाकतानाच ठरवा. रिमोट आपल्याजवळ ठेवा. हे मी गंमत म्हणून सांगत नाहीये.

मागच्या डिसेंबरला एका मुलीला मी 'मारीगोल्ड' सुचवलं, तिने परत लिहिलं की ताई, माझी पट्टी काळी पाच आहे, मला वर जायला आवडतं, मला आदो या गायिकेचं गाणं गायचंय, तुम्ही सगळ्यांना खाली का उतरवता? मी तिला लिहिलं की गा, घरी रोज गा, ऑफिसात पहिल्याच दिवशी नको. तिने गायलं म्हणे. कसं झालं ते तिने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. सल्ला अजून तोच देते, फक्त देताना पूर्वीसारखी खात्री नसते, म्हणून यापुढे मेसेज कराल तेव्हा आधी तुमची पट्टी लिहा, ठाऊक नसेल तर फोनवरच्या पेटीच्या ॲपवर शोधा, आणि खोलीत कोण कोण असणार आहे तेही लिहा.